ओरिजिनल आहे का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला नात झाली की तासाभरात तिचा व्हिडिओ येतो. गुलाबी टोपरं, मिटलेले डोळे, मागून नर्सचा आवाज. त्याखाली अभिनंदनांची रांग लागते. 'गोड आहे', 'आजोबांवर गेली', 'पेढे कधी?' आणि या रांगेत मध्येच एक ओळ घुसते : 'ओरिजिनल आहे का?'

नवख्या माणसाला हा प्रश्न नातीबद्दल वाटतो. बी विंगमधले एक नवे आजोबा तर जाब विचारायला चपला घालून निघाले होते. त्यांना जिन्यात गाठून समजूत घालावी लागली. जुन्या रहिवाशांना ठाऊक असतं, की फोरकेकाकांना बाळाविषयी काहीही म्हणायचं नाही. बाळ त्यांनी धड पाहिलेलंही नसतं. त्यांना फाइल हवी असते.

फोरके हे त्यांचं आडनाव नव्हे. पण शेळके, बोडके, फडके यांच्या पंगतीत ते इतकं बेमालूम बसून गेलंय, की कुरिअरवाल्याने खाली नाव घेतलं तर वॉचमन न अडखळता 'तिसरा मजला, लिफ्टसमोर' सांगतो. गणपतीच्या वर्गणीची पावतीही एकदा याच नावाने फाटली. काकांनी ती हरकत न घेता पाकिटात ठेवली. फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. हा आकडा काका अंकी आणि अक्षरी दोन्ही सांगतात. ऐकणारा लिफ्टमध्ये असेल तर बटण दाबून धरून सांगतात.

काका टेलिफोन खात्यातले. आवाज तारेतून जाता जाता क्षीण होतो आणि त्याला वाटेत पुन्हा बळ द्यावं लागतं, हे काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं. २०२० च्या जानेवारीअखेर खात्यात स्वेच्छानिवृत्तीची मोठी लाट आली, तीत ते बाहेर पडले. आलेल्या पैशातून मुलीच्या लग्नाची ठेव बाजूला काढली आणि उरलेल्यातून, काकूंना आयत्या वेळी सांगून, कॅमेरा घेतला. कॅमेरा घरी आला आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. त्या मार्चमध्ये आपल्याकडच्या व्हिडिओ दाखवणाऱ्या सगळ्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं, की जाळ्यावर ताण नको, १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर ४८० च्या वरचं चित्र दाखवायचं नाही. बाकीचे लोक त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात त्या धुतलेल्या भाजीच्या आणि थाळ्या वाजवल्याच्या. काका 'काय दिवस काढले आम्ही' म्हणतात ते ४८० बद्दल.

त्यांचा पहिला उपदेश सगळ्यांना पाठ आहे : 'डॉक्युमेंट करून पाठव.' व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या वाटेने पाठवला की तो आधी दाबला जातो, आकसतो आणि मग जातो. तोच कागदपत्र म्हणून जोडला तर जसाच्या तसा पोचतो. २०२३ मध्ये तिथे एचडीचं बटण आलं, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगायला गेले. त्यांनी चष्मा वर केला. "एचडी? सातशेवीस आहे ते. चारशेऐंशीचं सातशेवीस केलं आणि त्याला एचडी म्हणतात. तू कॉलेजात काय शिकवतेस?" मी मराठी शिकवते, हे त्यांना माहीत आहे.

कागदपत्र म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते, हे कळल्यापासून आमच्या सेक्रेटरींच्या आयुष्यातलं स्वास्थ्य गेलं. काकांच्या नव्या फोनवर सेकंदाला साठ चित्रांनी फोर के काढलं तर मिनिटाला सुमारे ४०० एमबी होतात. म्हणजे पाच मिनिटांची आरती बरोबर २ जीबी. सत्यनारायणाच्या वेळी ती मर्यादेत बसवण्यासाठी काकांनी मंत्रपुष्पांजली वेगळ्या फाइलमध्ये टाकली. सेक्रेटरींचा फोन त्या रात्री आरतीवरच अडकला आणि पाणी येणार नसल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी जाऊन झाल्यावर, सगळ्यांना मिळाला. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पण पोचली ना आरती? बघितलीत ना? निरांजनाच्या ज्योतीच्या कडा बघा."

सेक्रेटरींनी बघितली नव्हती. इथेच या जातीच्या माणसांचं दुःख आहे. आपल्याकडे व्हिडिओ बघितला जातो तो सकाळची आठ-पाचची फास्ट पकडताना, डोंबिवलीच्या पुलावर, काचेला तडा गेलेल्या फोनवर, बॅटरी वाचावी म्हणून उजेड निम्म्यावर आणून. त्या काचेवर ब्याऐंशी लाख ठिपके आले काय आणि दोन लाख आले काय, बघणाऱ्याचं लक्ष समोरच्याची सॅक आपल्या नाकावर आपटू नये याकडे असतं. काकूंचा फोन तर असा आहे, की त्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात कायमचा हिरवा पट्टा आहे. काका जीव ओतून तयार केलेला व्हिडिओ आधी त्यांना दाखवतात. काकू वाटीतले शेंगदाणे सोलत बघतात आणि म्हणतात, "छान आलंय. मागच्या वेळेसारखंच."

"मागच्या वेळी दहाऐंशी होतं!"

"तेच म्हणते मी. छान होतं."

यूट्यूबवर काही चढवायचं असलं की काकांच्या घरी अपलोडची रात्र असते. अकराला काकूंची मालिका बंद. मुलीने, पुढे जावयानेही, वायफाय वापरायचं नाही. राउटर एकदा बंद करून सुरू करायचा. त्याला तांत्रिक कारण काही नाही, पण काका ते नेमाने करतात. त्याआधी फाइल 'हँडब्रेक'मधून काढलेली असते. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. घरात गाडी नाही, पण 'हँडब्रेक लावलाय, संगणक बंद करू नका' ही आरोळी दिवसाआड ऐकू येते. यूट्यूबने कुठल्या चित्राला किती भार द्यावा याची शिफारस छापून ठेवली आहे, दहाऐंशीला सेकंदाला ८ मेगाबिट, फोर केला ३५ ते ४५. काकांनी ते कपाटाच्या आतल्या बाजूला, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी चिकटवलंय.

फाइल चढली म्हणजे संपलं असं नाही. काहीही पाठवा, यूट्यूब ते पुन्हा आपल्या पद्धतीने दाबतं. आधी हलकी, धूसर आवृत्ती तयार होते, मग एचडी, आणि फोर केची पाळी कधी कधी काही तासांनी येते. या मधल्या वेळात कुणी व्हिडिओ उघडला तर त्याला जे दिसतं ते काकांना मरणप्राय होतं. त्यांचे नागपूरचे एक साडू रात्री जागे असतात. ते बरोबर अशाच वेळी उघडतात आणि फोन करतात, "धूसर दिसतंय हो. कॅमेरा परत करता येतो का बघा." म्हणून काका हल्ली व्हिडिओ पहाटेपर्यंत 'अनलिस्टेड' ठेवतात, तासातासाला उठून चक्राच्या खुणेत २१६० दिसतंय का बघतात, आणि दिसल्यावरच आंघोळीला जातात.

त्यातली एक युक्ती त्यांनी मला हलक्या आवाजात, दार लावून सांगितली. दहाऐंशीचा व्हिडिओ तसाच चढवू नये. आधी घरच्या घरी ताणून फोर के करावा आणि मग चढवावा. आकार मोठा दिसला की यूट्यूब त्याला बहुधा व्हीपी९ ही नवी, चांगली दाबपद्धत देतं आणि भारही जास्त देतं. लहान चॅनेलच्या लहान चित्राला बरेचदा जुन्या एव्हीसीवर भागवावं लागतं. ठिपके काही नवे येत नाहीत, पण आहेत ते जास्त वाचतात. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे फुगवून सांगितलं की मान मिळतो. हे शिकायला तुम्हाला निवृत्त व्हावं लागलं? माझ्या जावांना लग्नाआधीपासून येत होतं."

काकांना दुसऱ्याच्या घरी पाठवणं धोक्याचं. समोर टीव्ही असेल आणि यूट्यूब चालू असेल तर ते रिमोट मागतात, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' नावाची बारीक अक्षरांची पाटी उघडतात आणि गाणं चालू असताना मोठ्याने वाचतात. एका बारशाला पाळणागीत लावलं होतं. काका जाहीर करून मोकळे झाले, "ॲव्हन! ॲव्हन मिळालाय याला!" एव्ही१ ही २०१८ साली आलेली आणखी नवी दाबपद्धत. बाळाचं नाव तेच ठेवलं असं समजून एका आत्याबाईंनी 'वेगळंच आहे हो' असं कौतुकही केलं.

इन्स्टाग्रामचा विषय मात्र काकांसमोर काढू नये. त्यांची पुतणी रील करते, फडके रोडवरची दिवाळी पहाट, खाऊगल्ली, असलं. काका तिला १०८० गुणिले १९२० ची फाइल कडा तपासून देतात, तिच्या फोनमधलं सर्वोच्च दर्जाने चढवण्याचं सेटिंग चालू आहे ना हे दर भेटीत बघतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामच्या ॲडम मोसेरी यांनी स्वतःच सांगितलं, की ज्या व्हिडिओला फार प्रेक्षक उरत नाहीत त्याचा दर्जा ते उतरवतात, पुन्हा प्रेक्षक आले की चढवतात, आणि ज्यांना जास्त लोक बघतात त्यांच्याकडे चांगल्या दर्जाचा कल झुकतो. हिशोब सरळ आहे. दाबायला यंत्रं लागतात, साठवायला जागा लागते, दोन्हीला पैसे पडतात. काकांनी ती बातमी मला वाचून दाखवली आणि वर्तमानपत्र असतं तर आपटलं असतं, पण फोन होता म्हणून हळूच उशीवर ठेवला. "व्हीआयपी दर्शन आहे हे! ज्याची ओळख मोठी त्याला गाभाऱ्यातून, आणि आपण लांबून कळसाला हात जोडायचे!" मग थोडं थांबून पुतणीला फोन केला आणि तिला किती लोक बघतात ते विचारलं. आकडा ऐकून त्यांनी विषय बदलला.

पण काकांचा खरा घाव जेजुरीचा आहे.

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते. काका आदल्या रात्रीच जाऊन गडावर जागा धरून बसले होते. पालखी बाहेर आली, येळकोट झाला आणि भंडारा उधळला गेला. मी ते मूळ चित्रण त्यांच्या संगणकावर पाहिलं आहे. अतिशयोक्ती न करता सांगते, मी स्वतः दोनदा जेजुरीला जाऊन जे पाहिलं नाही ते त्यात पाहिलं. हळदीचा लोट वर जातो, क्षणभर ठरतो, मग त्याची टोकं वाऱ्याने वळतात. एका म्हाताऱ्या माणसाच्या भुवईत हळद साचलीय आणि घामाची एक रेघ ती कापत खाली आलीय. दीपमाळेच्या दगडावर भंडारा बसतो तो सपाट बसत नाही, खाचांत जास्त बसतो.

हेच चित्रण चढवून, दाबून, ग्रुपवरून फिरून काकांच्या साडूंकडून काकांनाच परत आलं. 'बघा किती छान, कुणी काढलंय कोण जाणे' अशा मजकुरासह. काकांनी ते थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. पडद्यावर पिवळे चौकोन होते. मोठे, बोथट, एकमेकांना चिकटलेले. काकांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. "हा माणूस होता," ते म्हणाले. "भुवईवाला."

त्यांनी मला मग शांतपणे समजावलं, आणि हे मी त्यांच्याइतकं सोपं कुणाकडून ऐकलं नाही. दाबणारं यंत्र प्रत्येक चित्र पुरतं साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतं आणि पुढे काय बदललं तेवढंच लिहितं. जुन्या एच.२६४ पद्धतीत त्यासाठी चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. मागचा चौकोन जरासा सरकला असेल तर 'तोच, दोन ठिपके डावीकडे' एवढं लिहिलं की काम झालं. बातम्या सांगणारी बाई बसल्या जागी बोलते, फक्त तिचे ओठ हलतात, म्हणून ती थोड्या भारातही स्वच्छ दिसते. भंडाऱ्याचा कण मात्र आधीच्या चित्रात तिथे नसतो आणि पुढच्या चित्रात कुठे जाईल याचा नेम नसतो. प्रत्येक कण वेगळा, प्रत्येकाची दिशा वेगळी. लिहायला सगळंच नवं, आणि भार तर बांधलेला. मग यंत्र बारकावा सोडून देतं, चौकोनाचा सरासरी रंग भरतं आणि पुढे जातं. पाऊस, लाटा, फटाके, लग्नातला झगमगता कागद, सगळ्यांचं हेच होतं. "म्हणजे बघ," काका म्हणाले, "आपल्याकडे ज्याला उत्सव म्हणतात ते सगळं या यंत्राला झेपत नाही."

या ज्ञानातून त्यांनी त्या वर्षी गणपती मंडळाला लेखी विनंती केली, की विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळायचाच असेल तर तो एका बाजूने, सर्वांनी एकाच दिशेने आणि शक्यतो पथक थांबलेलं असताना उधळावा. मंडळाचे अध्यक्ष सज्जन आहेत. त्यांनी पत्र इतिवृत्तात घेतलं. मिरवणुकीत पथकातल्या पोरांनी काकांना मधोमध उभं करून सर्वांनी एकाच दिशेने, म्हणजे त्यांच्या दिशेने, गुलाल उधळला.

काकांचा राग बरीच वर्षं कुणातरी परदेशी माणसावर होता. कुणी तरी तिकडे बसून आपली चित्रं चिरडायची कला काढली, असं त्यांचं मत. मग त्यांच्या वाचनात आलं, की जेपेग छायाचित्रांपासून एच.२६४ पर्यंत सगळ्यांच्या मुळाशी 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' नावाचं गणित आहे आणि ते १९७४ साली मांडणाऱ्या निबंधावर तीन नावं आहेत : नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. अहमद मूळचे बंगळुरूचे, अमेरिकेत प्राध्यापक. त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे निधी मागितला, तर तो नाकारला गेला होता. काकांचा चेहरा हे सांगताना बघण्यासारखा होता. शत्रू घरचा निघाला होता, वर त्याचा अर्जही फेटाळला गेला होता, आणि अर्ज फेटाळला गेलेल्या माणसाविषयी टेलिफोन खात्यातल्या माणसाला जिव्हाळा वाटणारच. थोड्या दिवसांनी त्यांनी निकाल दिला : "काय टाकलं तर डोळ्याला कळत नाही, हे त्यांनी शोधलं. किती टाकायचं ते या हावऱ्यांनी ठरवलं. अहमदसाहेबांना दोष नाही."

मुलीचं लग्न हा या सगळ्याचा कळस. कार्यालय जुनं, छताला जुन्या चोकच्या ट्यूबलाइटी. आपली वीज ५० सायकलची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर शतांश सेकंदाच्या पटीत नसलं तर चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात. काकांचं शटर अर्थातच पन्नासांशावर होतं. मुलाकडच्यांनी आणलेल्या व्हिडिओवाल्याचं साठावर होतं. वरपक्षाशी मानपानावरून भांडणं होतात, आमच्याकडे शटरवरून झालं. ते मिटवायला कार्यालयाच्या व्यवस्थापकाने निम्म्या ट्यूब बंद केल्या आणि सीमांतपूजन अर्ध्या अंधारात झालं.

कन्यादानाच्या वेळी काकांचा कॅमेरा तिकाटण्यावर समोर उभा होता आणि त्याचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवलेला होता. काका यजमान. ओंजळीत मुलीचा हात, वरून काकू पाणी सोडताहेत, भटजी मंत्र म्हणताहेत, आणि काकांची नजर पडद्यावर. फोकस मागच्या कलशावर गेला होता. नारळाची शेंडी लख्ख, माणसं धूसर. काकांनी मंत्र संपू दिला एवढी त्यांची मर्यादा म्हणायची.

"गुरुजी, एकदा परत पाणी सोडू या?"

भटजी मुरलेले होते. "सोडा की. पुण्य एकदाच मिळतं, टेक कितीही घ्या."

पाणी परत सोडलं. काकू हा प्रसंग प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि शेवटी म्हणतात, "माझ्या लेकीचं कन्यादान दोनदा झालं, आणि बापाने दोन्ही वेळा पाहिलं नाही." काका त्यावर काही बोलत नाहीत. मात्र दुसऱ्यांदा पाणी सोडतानाच्या त्या चित्रणात, पडद्यावर थोडं मोठं करून पाहिलं तर, मुलीच्या अंगठ्यावरून थेंब निसटायच्या आधी काकांचा हात किती थरथरतो ते दिसतं. यूट्यूबवरच्या प्रतीत ते कळत नाही. मी दोन्ही पाहिल्यात.

म्हणून काकांची टिंगल सोसायटीत चालली की मी तीत पुरती सामील होत नाही. माझ्या आजीचं चालतंबोलतं चित्रण एकच आहे. मामेभावाने काढलेलं, ग्रुपवर टाकलेलं. मूळ त्याच्या फोनमध्ये होतं आणि फोन एक्सचेंजमध्ये गेला. मी ते काकांकडे घेऊन गेले, कारण त्यात आजीच्या नाकातली चमकी दिसत नाही. नाकाच्या जागी एक गव्हाळ डाग आहे, बस. काकांनी आधी चौकशी केली. नुसतं फॉरवर्ड झालंय, की कुणी गॅलरीत उतरवून तिथून पुन्हा पाठवलंय? फॉरवर्ड केलं तर तीच फाइल पुढे जाते, पण गॅलरीतून उचलून पाठवली की पुन्हा नव्याने दाबली जाते. आमच्या घरात ते गॅलरीतून किती हातांनी फिरलं होतं देव जाणे. काकांनी चार संध्याकाळी त्यावर घातल्या आणि पेन ड्राइव्ह परत आणून दिला.

"नाही गं यात. टाकलं ते गेलं. सिनेमात मोठं करून नंबरप्लेट वाचतात तसं नसतं." मग खाली बघत म्हणाले, "हल्ली एआय चमकी काढून देईल. चकाकणारी देईल. पण ती तुझ्या आजीची नसेल."

त्या दिवसापासून मी डॉक्युमेंट करून पाठवते. मामेभाऊ ते उघडत नाही.

गेल्या गणपतीनंतर काकांनी सगळ्या कंपन्यांवर एकदम बहिष्कार टाकला. अपलोडच नको! विसर्जनाचं चित्रण ज्याला बघायचं असेल त्याने रविवारी संध्याकाळी घरी यावं. जावयाने पंचावन्न इंची टीव्ही घेऊन दिला होता. ११ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवर चढेना, कारण तो जुन्या फॅट३२ पद्धतीने बांधलेला होता आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. काकांनी तो एक्सफॅटमध्ये नव्याने बांधला. खिडक्यांना चादरी लावल्या. काकूंनी बटाटेवडे तळले, आणि खरं सांगायचं तर निम्मी गर्दी त्या वासावर आली.

दिवे मालवले. पडद्यावर मिरवणूक निघाली. ढोलाच्या पानावर टिपरू पडलं की त्यावरचा गुलाल कसा उडतो ते दिसलं. ताशाच्या काड्या दिसल्या. मूर्तीच्या डोळ्यातली रंगाची बारीक कड दिसली. खोलीत कुणी बोलेना. सेक्रेटरी पुढे सरकून बसले. काका टीव्हीकडे बघतच नव्हते, बघणाऱ्यांकडे बघत होते.

मग ध्वजाबरोबर नाचणारा बी विंगचा पोरगा पडद्यावर आला. त्याच्या आईने झटकन फोन काढला आणि टीव्हीच्या समोर उभा धरला. तिच्यामागे बी विंगच्या त्या आजोबांनी काढला. मग सेक्रेटरींनी. बघता बघता अंधारात दहा-बारा काचा उजळल्या, सगळ्या उभ्या, प्रत्येकीत टीव्हीचा तुकडा, त्यावर जाळी, जाळीवरून सरकणारे पट्टे. कुणाचं तरी स्टेटस लागलंही.

मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले होते. तोंड उघडलं, मिटलं. काकू वड्यांचं ताट घेऊन दारातच थांबल्या.

काका तरातरा पुढे गेले आणि पोराच्या आईच्या हातातला फोन आडवा केला. "असा धर! आणि हा टीव्ही साठ हर्ट्झचा आहे, शटर साठावर लॉक कर, नाहीतर पट्टे येणारच! सेक्रेटरी, तुम्ही मागे व्हा, जरा तिरके उभे राहा, जाळी जाईल. थांबा, थांबा सगळे, मी पहिल्यापासून लावतो."